आपल्या वेशी, आपले वाडे : कपिलधार ते बीड



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ताजमहाल, लाल किल्ला, फार तर दौलताबाद उभे राहते. पुस्तकात ज्याचे चित्र छापले आहे तोच इतिहास, असा आपला समज होऊन बसला आहे. वस्तुतः ज्या वेशीतून आपण रोज बाजाराला जातो, ज्या विहिरीवरून एस. टी. धूळ उडवीत जाते आणि ज्या वाड्याच्या ओसरीवर आपले आजोबा हुक्का ओढीत बसत, त्यांनाही इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवला नाही, म्हणून तो घडलाच नाही असे होत नाही.

या लेखात मी आपणांस दूर कोठे नेणार नाही. कपिलधारपासून बीड शहरापर्यंतची वाट अवघी वीस किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या वाटेवर सात-आठशे वर्षांच्या वास्तू पसरल्या आहेत. त्या पाहू, आपली जुनी घरे कशी बांधली जात ते समजून घेऊ, ती का पडत आहेत याचा विचार करू, आणि शेवटी दर्यापारच्या एका शहराने आपल्या जुन्या घरांचे काय केले, हेही थोडक्यात पाहू.

डोंगरातून शहराकडे

कपिलधार हे बालाघाटाच्या कुशीतील ठिकाण. पावसाळ्यात येथे कड्यावरून धबधबा कोसळतो. वीरशैव संत मन्मथ स्वामी यांची येथे समाधी आहे. 'परमरहस्य' हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे, आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, तसेच कर्नाटकातून व तेलंगणातून भाविक पायी येतात. यात्रेकरूंसाठी पाणी, सावली आणि मुक्काम यांची सोय लागते. जेथे लोक वर्षानुवर्षे येत राहतात तेथे कुंड, पायऱ्या, ओवऱ्या, धर्मशाळा आपोआप उभ्या राहतात. दर्ग्याच्या उरुसाला जशी सराई लागते, तशीच ही गोष्ट आहे. म्हणून कोणतीही जुनी वास्तू पाहताना पहिला प्रश्न विचारावा : ही कोणाच्या गरजेसाठी बांधली?

याच डोंगराळ मुलखात करझणीजवळ एक मोठी नवलाची वास्तू आहे. दिल्लीचा सुलतान मुहम्मद बिन तुघलक (कारकीर्द १३२५ ते १३५१) तेलंगणाच्या मोहिमेवरून परतताना बीडजवळ मुक्कामाला होता. तेथे त्याचा एक दात पडला. सुलतानाने तो दात समारंभाने पुरविला आणि त्यावर घुमट बांधविला, असे इतिहासकार फरिश्ता याने लिहून ठेवले आहे. करझणीच्या टेकडीवरील घुमटाला लोक आजही त्या दाताचे थडगे म्हणतात. मुले ही गोष्ट ऐकून हसतात, आणि हसावे असेच ते आहे. पण हसून झाल्यावर ध्यानात घ्यावे की, दिल्ली ते दौलताबाद आणि दौलताबाद ते वरंगळ या शाही रस्त्यावर आपला मुलूख होता, याचा हा पुरावा आहे. सैन्ये, व्यापारी, सूफी आणि कारागीर याच वाटांनी आले. बीडच्या पूर्वेकडील टेकडीवर ज्यांचा दर्गा आहे ते चिश्ती परंपरेतील सूफी शहेनशाह वली हे त्याच चौदाव्या शतकातील.

शहराचे 'बीर' हे जुने नाव अरबी 'बिअर' म्हणजे विहीर या शब्दावरून पडले, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, पण या शहराची सर्वांत मोठी वास्तू एक विहीरच आहे, हे मात्र खरे.

खजाना विहीर

मांजरसुंबा सोडून पालीवरून आपण बीडकडे निघालो की, शहराच्या अलीकडे सुमारे सहा किलोमीटरवर खजाना विहीर लागते. अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात (१५६५ ते १५८८) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली. बांधणारा स्थपती राजा भास्कर हा होता, अशी परंपरा आहे. खान आणि भास्कर ही दोन नावे एकाच विहिरीशी जोडलेली आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी विसरू नये. त्या काळी कामाला माणूस निवडताना त्याचा हात पाहत.

विहीर गोल, ऐसपैस आणि दगडी बांधणीची आहे. तिची खरी करामत मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती जमिनीखाली आहे. विहिरीला तीन भुयारी कालवे आहेत. त्यांपैकी दोघांतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बाहेर शेतांकडे जाते. ही युक्ती साधी आहे. डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेले पाणी ज्या पातळीला असते, त्या पातळीला भुयार खणावयाचे. त्या भुयाराला अगदी थोडा उतार ठेवावयाचा. मग पाणी मोटेशिवाय, बैलाशिवाय, आपल्याच वजनाने वाहत खालच्या शेतापर्यंत जाते. वरून माती व दगड असल्याने उन्हाने त्याची वाफ होत नाही. जितके पाणी आत येते तितकेच बाहेर जाते, म्हणून विहिरीची पातळी फारशी हालत नाही. दुष्काळातही खजाना विहीर आटत नाही अशी जी लोकांची श्रद्धा आहे, तिच्या मुळाशी हे शास्त्र आहे.

इराणात अशा भुयारी पाटाला 'कनात' म्हणतात. ही विद्या पश्चिमेकडून दख्खनेत आली आणि येथील पाथरवटांनी ती काळ्या दगडात बसविली. पुढे मलिक अंबरने खडकी शहर वसविले, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद व २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर. तेथे त्याने 'नहर-ए-अंबरी' याच तत्त्वावर आणली. मलिक अंबर हा हबशी गुलाम म्हणून या देशात आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. तहानलेल्या शहराला पाणी देणारा माणूस कोणत्या घराण्यातला, हे कोणी विचारले नाही. त्याने १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा आजही उभा आहे.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. या विहिरीला 'खजाना' हे नाव पडले. सोने-नाणे ठेवावयाच्या जागेला जे नाव, तेच पाण्याला. दुष्काळी मुलखातील माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

शहराच्या वेशी आणि वास्तू

बीड शहराच्या मधून बिंदुसरा नदी वाहते. तीही बालाघाटातूनच येते. नदीच्या एका तीरावर जुने शहर आणि दुसऱ्या तीरावर पेठ बीड, अशी वस्ती आहे. जुन्या शहराला कोट होता आणि कोटाला वेशी होत्या. कोतवाली वेस, राजुरी वेस ही नावे आपण रोज घेतो. बशीरगंज, कारंजा, किल्ला मैदान हीही नावे आपल्या तोंडी असतात. विद्यार्थी मित्रांनो, ही नावे म्हणजे एक न लिहिलेले पुस्तक आहे. कोतवाली म्हणजे कोतवालाचे ठाणे जेथे असे ती जागा. गंज म्हणजे धान्याची बाजारपेठ. कारंजा म्हणजे पाण्याचे कारंजे. राजुरी वेस म्हणजे राजुरीच्या रस्त्याकडे तोंड असलेली वेस. वेशीचे नाव बहुधा ती जिकडे नेते त्या गावाचे असते. दिल्लीचा लाहोरी दरवाजा आणि औरंगाबादचा दिल्ली दरवाजा यांचा नियमही हाच.

शहरातील सर्वांत प्राचीन वास्तूंपैकी एक म्हणजे कंकालेश्वराचे मंदिर. चौरस जलाशयाच्या मध्यभागी तारकाकृती पायावर ते उभे आहे. चुन्याशिवाय, दगडात दगड अडकवून त्याची बांधणी केलेली आहे. किल्ला भागातील जामा मशीद जहांगीर बादशहाच्या काळातील असून ती मोगल अधिकारी जानसिपारखान याने बांधविली. मंदिरात खांबावर तुळई ठेवून छत पेलले आहे, तर मशिदीत कमान व घुमट यांनी. दोन्ही ठिकाणी दगडाचे वजन जमिनीपर्यंत पोहोचवावयाचे हाच प्रश्न होता. कारागिरांनी त्याची दोन उत्तरे दिली. बांधकामाचे गणित शिकावयाचे असेल तर एकाच दुपारी या दोन्ही वास्तू पाहाव्यात. अभियांत्रिकीच्या वर्गात बसण्यापूर्वीच अर्धा पाठ होऊन जाईल.

याच शहरात मन्सूरशाह यांचा दर्गा आहे. महादजी शिंदे यांची मन्सूरशाह यांच्यावर गुरू म्हणून श्रद्धा होती. पानिपतानंतर दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे ज्याच्या हाती आली तो हा मराठा सेनापती बीडच्या एका फकिरापुढे मान लववीत असे. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याने ही श्रद्धा महादजींच्या मृत्यूनंतर (१७९४) पिढ्यानपिढ्या जपली, आणि गोरखी वाड्यात मन्सूरशाह यांचे स्थान राखले. बीडच्या मुलाला ग्वाल्हेर सहलीत दाखवितात, पण ग्वाल्हेरचे गुरू आपल्या गावात निजले आहेत हे त्याला सांगावयाचे राहून जाते.

वाडा कसा बांधीत?

आता वेशीतून आत गल्लीत येऊ. मोठ्या वास्तूंची नावे निदान कोठेतरी लिहिलेली सापडतात. घरांना तेवढेही भाग्य नाही. म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो.

मराठवाड्यातील जुना वाडा बाहेरून किल्ल्यासारखा बंद दिसतो. रस्त्याकडे खिडक्या कमी. मोठा दरवाजा, त्यात माणसापुरती दिंडी. आत गेले की ढेलज, म्हणजे देवडी. येथे बाहेरच्या माणसाने थांबावयाचे. ढेलज नेहमी अशी फिरवून बांधीत की, दरवाजा उघडा असला तरी रस्त्यावरून अंगण दिसू नये. मुसलमानांच्या हवेलीत पुढे मर्दाना व दिवाणखाना, मागे जनाना. हिंदूंच्या वाड्यात पुढचा चौक बैठकीचा, मागचा चौक माजघराचा. नावे वेगळी, नकाशा जवळपास तोच. गवंडीही तेच होते आणि सुतारही तेच. त्यामुळे एखादा वाडा कोणाचा हे बऱ्याचदा देवळीतला दिवा आणि कोनाड्यातली रिहल पाहूनच कळत असे.

घराचे माप खणांत सांगत. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. पाच खणी, सात खणी, अकरा खणी असे घर ओळखले जाई. सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे करीत, म्हणजे लाकडाला ओल लागत नसे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हेच आपले माळवद. छताला मध्ये एक भोक ठेवीत, त्याला साणे म्हणतात. त्यातून उजेड येई व चुलीचा धूर जाई. पावसाळ्यात ते झाकून ठेवीत.

बाहेरच्या भिंती दोन-तीन हात रुंद. पायथ्याला घडीव काळा दगड, वर विटा अथवा पांढरी माती. चुना बाजारातून पिशवीत येत नसे. चुनखडी भट्टीत भाजावयाची, पाण्यात विरवावयाची, मग वाळूसह घाणीत घालून बैलाकडून दिवसेंदिवस मळावयाची. त्यात गूळ, हिरडा, उडदाच्या डाळीचे पाणी घालीत, असे जुने गवंडी सांगतात. असा चुना हळूहळू घट्ट होतो, पण त्याला थोडी लवचीकता असते आणि तो ओल सोडतो. सिमेंट ओल कोंडते. म्हणूनच जुन्या चुन्याच्या भिंतीवर हौसेने सिमेंटचा गिलावा केला की, दोन-चार पावसाळ्यांत तो पोपडे धरून सुटतो आणि सोबत जुन्या विटेचा थरही घेऊन येतो. ज्यांच्या घरी जुनी भिंत आहे त्या पालकांनी एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी या लेखाचे सार्थक झाले.

उन्हाळ्यात बीडचा पारा चाळिशीच्या वर जातो. जाड भिंत व मातीचे माळवद दिवसाची उष्णता शोषून घेते आणि ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. अंगणातली गरम हवा वर निघून जाते आणि ढेलजेतून गार झुळूक आत येते. यंत्राशिवाय गारवा देण्याची ही विद्या होती.

वाडे का पडले?

मग अशी घरे का पडली? याला एकच कारण नाही.

पहिले कारण उत्पन्नाचे. माळवदाला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकून चोपावी लागते. लाकडाला तेल, भिंतीला चुना लागतो. वाडा राखणे म्हणजे एक माणूस कायम कामाला ठेवणे. जहागिरीच्या किंवा इनामाच्या उत्पन्नावर हे चालत असे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या कारवाईनंतर हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द झाल्या. कुळांच्या दृष्टीने हे न्यायाचेच झाले. परंतु ज्या उत्पन्नावर हवेल्या उभ्या होत्या ते थांबले. त्या वर्षाच्या आगेमागे मराठवाड्यात रझाकारांच्या जुलमाने आणि नंतरच्या सूडाने दोन्ही समाजांतील कुटुंबांची जी परवड झाली, तिच्यामुळेही कितीतरी घरांना कुलपे लागली. कोणी हैदराबादला गेले, कोणी मुंबईला, कोणी सरहद्दीपार. कुलूप लागलेल्या माळवदावर दोन पावसाळे माती पडली नाही की तुळई कुजते.

दुसरे कारण वाटणीचे. आपल्या वारसा कायद्यात मुलगे, मुली, पत्नी, आई-वडील सर्वांचा हिस्सा ठरलेला आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु तीन पिढ्या नोंदच केली नाही तर एका वाड्याचे तीस-चाळीस हिस्सेदार होतात. मग दुरुस्तीचा खर्च कोणी करावयाचा? प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याने करावा. शेवटी वाडा पडल्यावर मोकळी जागा वाटून घेणे सोपे जाते. अनेक वाडे पावसाने नव्हे, तर न केलेल्या कागदाने पडले आहेत.

तिसरे कारण निसर्गाचे. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेला महापूर आला. शहराच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली, कित्येक घरे वाहून गेली. नदीकाठची जुनी बांधकामे त्या पाण्यात खिळखिळी झाली. त्यानंतर ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे मेली. तेथील दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि मातीची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. तेव्हापासून जुन्या घराची सर्वांनाच धास्ती बसली.

ही धास्ती खोटी नाही, आणि जुन्या घरांचे कौतुक करताना ती झाकूनही ठेवू नये. परंतु त्या भूकंपाने आणखी एक धडा दिला. अनेक ठिकाणी भिंती कोसळल्या तरी सागवानी खांब व तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. भिंतीच्या बाहेरचा दगड व आतला दगड यांना जोडणारे आरपार दगड नव्हते, मधे नुसता मातीचा भराव होता. त्यात वर्षानुवर्षे मातीचे थर चढवून छत जड झाले होते. म्हणजे दोष कसबात नव्हता, कसबात चोरी झाली तेथे होता. भिंतीत जोडदगड घालणे, छतावरचा जादा मातीचा थर उतरवून ते हलके करणे, कोपरे बांधून घेणे, हे उपाय तज्ज्ञांनी तेव्हाच सुचविले. ज्यांच्या घरात आजही माळवदाखाली मुलेबाळे झोपतात त्यांनी हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. वारसा जपणे म्हणजे जीव धोक्यात घालणे नव्हे.

समुद्रकाठचे एक शहर

येथपर्यंत आल्यावर दर्यापार एक नजर टाकू. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. शेजारच्या होव्हसह त्याला २००० साली 'सिटी'चा दर्जा मिळाला. मूळचे ते कोळ्यांचे गाव. समुद्रस्नानाने प्रकृती सुधारते असे अठराव्या शतकात तेथील डॉक्टर सांगू लागले आणि श्रीमंतांची रीघ लागली. १७८३ साली युवराज जॉर्ज तेथे प्रथम आला. पुढे त्याने तेथे राजवाडाच उभारला. आश्चर्य असे की, त्या राजवाड्याचे घुमट, मिनार आणि जाळ्या हिंदुस्थानी धर्तीच्या आहेत! जॉन नॅश या स्थपतीने १८१५ नंतर काही वर्षांत तो पुरा केला. नॅश हिंदुस्थानात कधी आला नव्हता. डॅनियल नावाच्या चित्रकारांनी आपल्या देशातील इमारतींची जी चित्रे छापली होती ती पाहून हे काम झाले. आत बिडाच्या सांगाड्यावर घुमट बसविले आहेत. म्हणजे पोशाख आपला, हाडे त्यांची.

त्याच शहरात पाटण्याचा एक मुसलमान गृहस्थ येऊन राहिला. त्याचे नाव शेख दीन मुहम्मद (१७५९ ते १८५१). इंग्रजीत पुस्तक लिहून छापणारा तो पहिला हिंदी माणूस. ते पुस्तक १७९४ चे. लंडनमध्ये त्याने हिंदुस्थानी खाणावळ काढली, पण ती चालली नाही. तेव्हा ब्रायटनला येऊन त्याने वाफेचे स्नानगृह उघडले आणि आपली चंपी त्यांना 'शॅम्पू' या नावाने शिकविली. दोन इंग्रज राजांचा तो चंपीवैद्य झाला.

आपल्या जिल्ह्यालाही त्या काळाचा एक धागा आहे. अंबाजोगाईला, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. या कंटिन्जंटच्या घोडदळातूनच पुढे डेक्कन हॉर्स ही रेजिमेंट झाली आणि पहिल्या महायुद्धात ती फ्रान्सच्या रणभूमीवर लढली. त्या युद्धात फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी शिपायांसाठी १९१४ च्या अखेरीस ब्रायटनच्या या राजवाड्यातच इस्पितळ उघडण्यात आले. हिंदू व मुसलमान शिपायांसाठी पाण्याचे नळ वेगळे, स्वयंपाकघरे वेगळी, नमाजासाठी जागा राखलेली. जे मुसलमान शिपाई मेले त्यांना वोकिंग येथे दफन केले. हिंदू व शीख शिपायांचे दहन शहराबाहेरच्या टेकडीवर झाले, आणि त्या जागी १९२१ साली छत्री उभारली गेली. आपल्या मुलखातील माणसांच्या वेदना दर्यापारच्या त्या घुमटाखाली निवल्या आहेत.

पण मला सांगावयाचे आहे ते वेगळेच. राणी व्हिक्टोरियाला तो राजवाडा आवडला नाही. तो पाडला जाण्याचा संभव होता. तेव्हा १८५० साली गावकऱ्यांच्या मंडळाने ५३,००० पौंड देऊन तो विकत घेतला. राजाचा वाडा रयतेने घेतला, कारण त्यांना कळले की, हा वाडा गेला तर आपल्या गावाची ओळख जाईल.

तेथील समुद्राकडे तोंड केलेल्या घरांच्या रांगांची कथाही अशीच. ही घरे प्रामुख्याने १८२० नंतरची. बाहेरून शुभ्र, जणू घडीव दगडाची. आत मात्र विटांचे तुकडे, गारगोट्या व चुना यांचा भराव, आणि वरून गिलावा. आपल्या काळ्या दगडाच्या वाड्यापुढे ते बांधकाम काहीच नव्हे. १९४५ साली होव्हच्या नगरपालिकेपुढे यांतील एक सुंदर वसाहत, ब्रन्सविक चौक, पाडून टाकण्याच्या सूचना आल्या. तेव्हा रहिवाशांनी संस्था स्थापन केली, विरोध केला आणि घरे वाचविली. आज ती पाहावयास जगभरचे लोक येतात.

म्हणजे कच्च्या भरावाची घरे दोनशे वर्षे टिकली, आणि आपली दगडी घरे दोन पिढ्यांत पडली. हा फरक दगडाचा नाही. तेथे घरांच्या पुढच्या भिंती ठराविक वर्षांनी रंगवाव्यात असा कायदाच १८३० मध्ये केलेला होता. आपल्याकडे माळवदावर माती टाकण्याची रीत होती, ती आपण सोडली.

आपण काय करावे?

आपण लहान माणसे. आपल्याजवळ ५३,००० पौंड नाहीत, आणि प्रत्येक वाडा वाचणारही नाही. ज्या घरात माणूस दाटीने राहतो, ज्याच्या मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, त्याला 'वाडा पाडू नको' असा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे? पण काही गोष्टी पैशाशिवाय होतात.

विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील किंवा गल्लीतील एक जुनी वास्तू निवडावी. टेप घेऊन तिचे माप घ्यावे, वहीत नकाशा काढावा, खण मोजावेत, दरवाजाच्या कोरीवकामाचे छायाचित्र घ्यावे. घरातील दादी-नानीला विचारावे की, कोठे काय होते, चूल कोठे होती, बाळंतिणीची खोली कोणती. इतिहासकार या गोष्टी लिहीत नाहीत, कारण त्यांना त्या सांगणारे कोणी नसते. आपल्याजवळ सांगणारे आहेत, परंतु ते फार दिवस असणार नाहीत.

पालकांनी पेटीतील जुने कागद बाहेर काढावेत. निजामी अमलातील दस्त उर्दूत आहेत, काही मोडीत, त्याहून जुने फारसीत. त्यांवर फसली सन असतो. फसली सनात ५९० मिळविले की साधारणपणे इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३५८ म्हणजे १९४८-४९. आपल्याच घराचा कागद आपल्याच मुलाला वाचता येऊ नये, याहून मोठी गरिबी कोणती? मुलगा इंग्रजी शिको, विज्ञान शिको, अवश्य शिको. पण त्याने उर्दूची लिपी आणि मोडीची बाराखडीही ओळखावी. हे केवळ भावनेसाठी नाही. वाटणी, नोंद, वक्फची जागा, रस्तारुंदीतील नुकसानभरपाई, या प्रत्येक वेळी तोच कागद कामाला येतो. आणि ज्या वाड्याचे हिस्सेदार अजून मोजता येण्याइतके आहेत, त्यांनी या वर्षीच बसून नोंद करून घ्यावी. बहिणींचा हिस्सा वगळू नये. ज्या घराचा कागद साफ असतो त्या घराची दुरुस्ती होते.

शिक्षक बांधवांना एकच विनंती. सहल लांब नेण्यापूर्वी एकदा कपिलधारहून निघावे. करझणीचा घुमट, खजाना विहीर, कंकालेश्वर, जामा मशीद, राजुरी वेस, मन्सूरशाह यांचा दर्गा, असा एक दिवस मुलांना फिरवावे. त्यात मुलाला साधू भेटेल, सुलतान भेटेल, हबशी वजीर भेटेल, मराठा सरदार भेटेल आणि पाथरवट भेटेल. हा मुलूख कोणा एकाने बांधलेला नाही, हे त्याला भाषणातून सांगावे लागणार नाही. तो ते हाताने चाचपून पाहील.

खजाना विहिरीचे पाणी आजही शेताकडे वाहते. ज्यांनी ती खणली त्यांनी आपल्यासाठी खणली नव्हती, कारण आपण तेव्हा नव्हतोच. आपणही पुढच्यांसाठी निदान एक नकाशा, एक वही आणि एक साफ केलेला कागद ठेवून जाऊ या.